मुलांना किती मोकळीक द्यायची? खानदेशातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या आईवडिलांशी बोलताना तेच प्रश्न फिरून फिरून येतात. पालकसभेत येतात, लग्नाच्या मांडवात येतात, एसटी स्टँडवर गाडीची वाट बघतानाही येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. साधारण ४ ते १७ वयाची मुलं डोळ्यांसमोर आहेत. सगळं एका दमात वाचायची गरज नाही, पण घरात मुलगी असेल तर मुलींबद्दलचं उत्तर वगळू नका.

मोकळीक द्या म्हणता, म्हणजे पोरांना मोकाट सोडायचं का?

मोकाट सुटलेलं पोर कुठे आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. मी म्हणते ते याच्या उलट आहे. एक ठरावीक काम, ठरावीक हद्द आणि परत यायची वेळ मुलाच्या हाती द्यायची आणि मग मध्ये हात घालायचा नाही.

सात वर्षांच्या मुलीला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून अर्धा किलो साखर आणायला पाठवली, असं समजा. रस्ता तिचा, दुकानदाराशी बोलणं तिचं, सुटे पैसे मोजून घेणं तिचं. प्रत्यक्षात काय होतं? आई ओट्यावरून ओरडते, "गाडी बघ, पैसे घट्ट धर." पोरगी वळणावर पोचायच्या आत वडिलांचा दुकानदाराला फोन जातो, "भाऊ, पोरगी पाठवली आहे, बरोबर द्या." काम तिने केल्यासारखं दिसतं, केलं मात्र आपणच. तिलाही ते कळतं.

तिने साखरेऐवजी गूळ आणला तर त्या दिवशी गुळाचा चहा प्यावा आणि उद्या पुन्हा तिलाच पाठवावं.

कोणत्या वयात काय जमतं?

तक्ता मागितला जातो, पण मी तो देत नाही. शहादा तालुक्यातल्या पाड्यावरचं सहा वर्षांचं पोर शेळ्या वळून आणतं आणि जळगावातल्या फ्लॅटमधलं नऊ वर्षांचं पोर लिफ्टमधून एकटं उतरत नाही. दोघांत उणंअधिक काही नाही, सराव वेगळा. तरी अंदाज म्हणून सांगते. चार-पाच वर्षांत माठातलं पाणी स्वतः घेणं, चपला घालणं, ताट उचलून मोरीत ठेवणं. सहा-सात वर्षांत गल्लीतलं दुकान आणि शेजारच्या काकूंकडे भाजीची वाटी पोचवणं. आठ-नऊ वर्षांत सोबत्यांबरोबर पायी शाळा. बारा-तेराव्या वर्षी एसटीने मामाच्या गावाला, सुरुवातीला धाकट्या भावंडाशिवाय. पंधराव्या वर्षापर्यंत वरण-भात-पोळी आली पाहिजे. मुलालाही आली पाहिजे.

कायदाही मुलांना आपल्यापेक्षा जास्त कर्ता समजतो. शिक्षण हक्क कायद्याच्या महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं धरलं आहे. ही अंतरं पायी जाण्यासारखीच आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दहा वर्षांचं मूल बँकेच्या मर्यादेत राहून स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू शकतं. आपल्याकडे मात्र दहावीतल्या मुलाची पैसे भरायची स्लिप वडील लिहितात.

"पोऱ्या एकला कसा जाई?" रस्त्याची भीती वाटते, त्याचं काय?

ही भीती खरी आहे आणि तिला हसू नये. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची दर १०० पैकी ८० मुलं शाळेत मोठ्यांशिवाय जात होती. १९९० साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा ती उरली ९. पालकांना कारण विचारलं तर सर्वांत आधी उत्तर आलं ते वाहनांचं. मुलं तितकीच धडधाकट होती, रस्ता बदलला होता. आपल्याकडे तेच आता घडतं आहे. जळगाव शहराच्या मधून राष्ट्रीय महामार्ग जातो, धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता आहे, आणि उसाच्या-केळीच्या हंगामात खेड्यातल्या रस्त्यावरही ट्रक थांबत नाहीत.

म्हणून आधी वाट बघा, मग वय. शाळेच्या वाटेत महामार्ग ओलांडावा लागत असेल तर लहान मुलाला एकटं पाठवू नका, इथे मला दुसरं मत नाही. गल्लीतल्या मुलांची टोळी करा, सातवी-आठवीतलं एखादं मोठं पोर पुढे ठेवा, आणि ओलांडायची जागा एकच ठरवा. वाट साधी असेल तर पहिला आठवडा बरोबर चाला, पण बोलू नका, "आता कुठे वळायचं?" हे त्यालाच सांगू द्या. पुढचा आठवडा वीस पावलं मागे राहा. मग फक्त शाळेच्या फाटकाशी थांबा. मग घरी थांबा. या शेवटच्या पायरीला मुलाला काही होत नाही, आपल्याच पोटात गोळा येतो. तो सहन करायचा असतो.

मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज येतात. तरी पाठवायचं?

हा प्रश्न खानदेशात तरी जपून विचारावा. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्यांनी कुणाचं मूल पळवलं नव्हतं. मोबाइलवर फिरलेली अफवा होती. मेसेज पुढे ढकलताना आपण मुलांचं रक्षण करतो आहोत असंच प्रत्येकाला वाटलं असणार.

आणि खरा धोका बहुतेक वेळा परक्याकडून नसतोच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीतला असतो. म्हणजे "अनोळखी माणसाशी बोलू नको" एवढंच शिकवून आपण मुलाला चुकीच्या दिशेला बघायला लावतो. त्याऐवजी दोन गोष्टी शिकवा. ओळखीच्या मोठ्या माणसालाही "नको" म्हणता येतं, आणि "हे आईला सांगू नको" असं जो म्हणेल त्याची गोष्ट त्याच दिवशी आईला सांगायची. पाहुण्यांच्या मांडीवर बसायला मूल नको म्हणत असेल तर त्याला ओढून बसवू नका. नाही म्हणण्याचा सराव तिथून सुरू होतो.

विहीर, नदी, शेततळं: पाण्याजवळ जाऊच द्यायचं नाही ना?

या एका बाबतीत मी पालकांपेक्षा जास्त घाबरते. पण जाऊच द्यायचं नाही हा उपाय चालत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि त्या उन्हात दहा-बारा वर्षांची मुलं पाण्याकडे जाणारच. बंदी घातली तर चोरून जातील, आणि चोरून गेलेलं पोर बुडायला लागलं तर सोबतचं पोर घाबरून पळतं, गावात सांगतसुद्धा नाही.

तेव्हा पोहायला शिकवा. पूर्वी पाठीला रिकामा डबा किंवा सुका भोपळा बांधून विहिरीत उतरवायचे, आता ट्यूब आहे. शिकवणारा मात्र पोहणारा मोठा माणूसच हवा, कडेला उभं राहून मोबाइल धरणारा काका नको. मुलीलाही शिकवा. विहिरीला कठडा नसेल तर घरच्या मुलाची गोष्ट बाजूला ठेवा आणि आधी कठडा बांधा.

शेततळ्याचं वेगळं सांगावं लागतं. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, हाताला काही लागतं. शेततळ्याला तळापासून काठापर्यंत प्लास्टिकचा कागद असतो, ओला झाला की गुळगुळीत होतो, आणि पट्टीचा पोहणाराही उतारावरून वर येऊ शकत नाही. बाहेरून ते उथळ आणि शांत दिसतं. कुंपण घाला, फाटकाला कुलूप लावा, आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा. मुलांना तिथे नेऊन, कागदावर पाणी टाकून, तो किती निसरडा होतो ते हाताने दाखवा. सांगून जेवढं समजत नाही तेवढं दाखवून समजतं.

तापीकाठच्या गावांनी आणखी एक करावं. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या गावांत वर ढग नसतानाही पाणी चढतं. दवंडी किंवा ग्रामपंचायतीचा मेसेज आला की तो मुलांनाच मोठ्याने वाचायला द्या. गिरणा, पांझरा, वाघूर यांच्या काठालाही हेच लागू.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसभर घरातच कोंडायचं का?

नाही, वेळ बदला. सकाळी सहा ते दहा बाहेर, संध्याकाळी साडेपाचनंतर पुन्हा बाहेर. मधल्या वेळात गच्चीच्या जिन्यात सावलीला बसून बिबडे-कुरडया राखायचं काम द्या. राखताना अर्धा चीक पोटात जाईल, तो धरून चाला.

मुलगी आहे. तिचं वेगळं नाही का?

लोक हा प्रश्न शेवटी आणि आवाज खाली आणून विचारतात.

आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, आठवा. माहेरवाशिणी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी म्हणत लहान पोरींपासून बायकांपर्यंत सगळ्या उशिरापर्यंत गल्लीत असतात. "कुठे होतीस इतका वेळ?" असं त्या दिवसांत कुणी विचारत नाही. गाव तेच, गल्ली तीच, अंधारही तोच. मग आखाजी सरली की चौथ्या दिवशी त्याच गल्लीत सातनंतर मुलगी दिसली तर कपाळाला आठी का पडते? मला यातून एक साधी व्यवहाराची गोष्ट दिसते. रस्त्यावर खूप बायका-मुली असल्या की रस्ता सुरक्षित होतो. एकेकीला घरात घेतलं की बाहेर उरलेलीसाठी तो धोक्याचा होतो, आणि मग तिलाही घरात घ्यावं लागतं.

घरात हे करून बघा. तिच्या भावाला ज्या वयात जे करू दिलं ते तिला नाकारताना कारण मोठ्याने बोलून दाखवा. "त्या वळणावर दिवे नाहीत" हे कारण असेल तर ग्रामपंचायतीकडे दिव्याचा अर्ज करता येतो, सोबतीला मैत्रीण जोडता येते. "लोक काय म्हणतील" हे कारण असेल तर धोका मुलीला नाही, आपल्या नाकाला आहे. निदान तेवढं तिच्याशी खरं बोला.

एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना शाळेसाठी मिळतो, आणि तरी कितीतरी मुलींची शाळा "गाडीने जावं लागतं" म्हणून आठवीत सुटते. शाळा सुटली की स्थळं यायला लागतात. आसोद्याच्या बहिणाबाईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं, पण ते साल होतं १८९३. आज अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, आणि त्यात मांडवात बसलेले वडीलधारेही अडकतात.

मुलीचं घरातलं स्वातंत्र्यही मोजा. तिला स्वतःचे पैसे आहेत का? तिच्या वहीला, तिच्या पेटीला कुणी न विचारता हात लावतं का? सायकल भावाची झाल्यावर उरली तर तिला, असं आहे का?

आम्ही करू देतो, पण आजी करू देत नाही. काय करावं?

आठ वर्षांच्या नातवाला वरण-बट्टी कुस्करून भरवणाऱ्या आजी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. नातू डोळे टीव्हीकडे लावून फक्त तोंड उघडतो. आजीशी वाद घालू नका. तिलाच शिकवायचं काम द्या: "आई, याला कळण्याची भाकरी थापायला तुम्हीच शिकवा, मला तुमच्यासारखी जमत नाही." भाकरी नकाशासारखी होईल, आजी दोन दिवस हसेल, आणि भरवणं आपोआप थांबेल. वाद जिंकून हे झालं नसतं.

भांडून, मार खाऊन आला तर?

रक्त येत नसेल तर आधी पाणी द्या आणि ऐका. समोरच्याच्या दारात जाऊ नका. मुलं संध्याकाळपर्यंत पुन्हा लगोरी खेळत असतात आणि दोन घरांचं बोलणं मात्र वर्षभर बंद राहतं. एकच मोठा मुलगा रोज एकालाच मारत असेल, पैसे काढून घेत असेल, तर ते भांडण नव्हे, तिथे मोठ्यांनी पडायलाच हवं. शिक्षकाने मारलं असेल तर तेही सोडू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे.

मोबाइल देऊन लोकेशन बघत राहिलं तर चालेल ना?

पहिल्यांदा एसटीने चाळीसगावला निघालेल्या मुलाचं लोकेशन त्याला सांगून बघणं ठीक. रोज क्लासला जाताना, न सांगता, दर पाच मिनिटांनी बघणं ठीक नाही. ते कळायला मुलाला आठवडाही लागत नाही, मग तो फोन मित्राच्या दप्तरात ठेवून हवं तिकडे जातो. त्यापेक्षा "पोचलास की एक मिस्ड कॉल दे" हा जुना करार चांगला. आणि मिस्ड कॉल दहा मिनिटं उशिरा आला म्हणून आकांत करू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो खोटाच येईल.

नववीतला मुलगा स्कूटी मागतो. दूध घालायला, मळ्यात जायला उपयोग होईल.

नाही. अठराच्या आत गिअरची नाही, १०० सीसीची बिनगिअरचीही नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. सायकल घेऊन द्या.

आमचा मुलगा शेतात काम करतो, म्हणजे तो स्वावलंबी झालाच ना?

काम आणि मोकळीक या दोन गोष्टी आहेत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातली दहा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर कोपीत, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीत, बसते, चूल पेटवते, पाणी आणते. तिच्याइतकी जबाबदारी शहरातल्या कुठल्या मुलावर नाही. पण यातलं तिने काय निवडलं? तिची शाळा तर मध्येच सुटली. आश्रमशाळेत सहाव्या वर्षी आलेलं नंदुरबारचं पोर स्वतःचे कपडे धुतं, पण उठणं, जेवणं, झोपणं सगळं घंटेवर चालतं. त्यालाही मी स्वातंत्र्य म्हणत नाही.

कायदा चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवू देत नाही. घरच्या शेतात शाळा सांभाळून केलेली, धोक्याची नसलेली मदत चालते. कापसावरची फवारणी धोक्याची आहे, ट्रॅक्टर धोक्याचा आहे, मोटारीचा स्टार्टर धोक्याचा आहे. करायचंच तर एक वाफा त्याच्या नावाने काढा. मेथी लावायची की मिरची, तो ठरवेल. पाणी द्यायचं विसरला तर वाळेल. विकून आलेले पैसे त्याचे, आणि ते कशावर उडवले हेही विचारू नका.

बारावीनंतर पुण्याला पाठवायचं आहे. आत्तापासून काय करू?

टिश्यूकल्चरचं केळीचं रोप प्रयोगशाळेतून काढून थेट रावेर-यावलच्या उन्हात कुणी लावत नाही. आधी हरितगृहात, मग शेडनेटखाली, पाणी हळूहळू कमी करत त्याला कणखर करतात. एकेका रोपाला एवढं जपणारा शेतकरी आपल्या मुलाला मात्र सतराव्या वर्षापर्यंत तिकीट काढू देत नाही आणि अठराव्या वर्षी महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये गादी-बादलीसकट बसवून देतो.

आठवीपासून सुरुवात करा. अमळनेरहून जळगावला रेल्वेने जाऊन यावं, तिकीट स्वतः काढावं, फलाट स्वतः शोधावा, गाडी चुकली तर पुढची कोणती हे स्वतः विचारावं. नववीत स्वतःचा आधार, बोनाफाईड, पासचा फॉर्म स्वतः भरावा आणि खिडकीवर स्वतः उभं राहावं. साहेब "उद्या या" म्हणाले तर उद्या पुन्हा जावं. वडिलांच्या ओळखीने काम त्याच दिवशी होतं, पण त्यात मुलाचं काहीच होत नाही. दहावीच्या सुट्टीत महिन्याचा घरखर्च त्याच्या हाती देऊन बघा. गॅस, वीजबिल, किराणा, भाजी. विसाव्या तारखेला पैसे संपले की घरात शेवभाजी बंद आणि पिठलं सुरू. पुण्यात खोलीवर हेच होणार आहे, ते इथे होऊ द्या.

विषय निवडतानाही त्याला बोलू द्या. अकरावीला शास्त्रच घ्यायचं हे आपण ठरवणार आणि अभ्यासाची जबाबदारी मात्र त्याने स्वतःहून घ्यायची, हे जमत नाही.

पूर्वी आम्ही सगळे असेच वाढलो. यात नवीन काय?

सगळे नाही. मुलगे वाढले. मुली धुणं-भांडी आणि भावंडं सांभाळत होत्या, आणि विहिरीत गेलेल्या मुलांची नावं आज कुणी काढत नाही. पूर्वीचं एक खरंच चांगलं होतं: पारावर, ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असायचं आणि "कुणाचा रे तू?" म्हणून हटकायचं. ते परत आणता येतं. संध्याकाळी खुर्ची दारात टाका.

आम्ही सांगतो, पण मूलच एकटं जायला तयार नाही.

ढकलू नका, आणि "एवढा मोठा झालास तरी" हेही म्हणू नका. बहुतेक वेळा भीती जाण्याची नसते, एखाद्या बारीक गोष्टीची असते. वाटेत कुत्रं आहे, दुकानदार खेकसतो, पैसे मोजता येत नाहीत. ती शोधा. कुत्र्याची गल्ली टाळून दुसरी वाट दाखवा, दुकानात काय बोलायचं ते घरी खेळून बघा. पहिल्यांदा मित्राला बरोबर द्या.

हरवला, गाडी चुकली, कुणी त्रास दिला तर काय करायचं, हे कसं शिकवू?

आईवडिलांपैकी एकाचा तरी नंबर तोंडपाठ हवा, मोबाइलमध्ये सेव्ह असून भागत नाही, फोनच हरवला तर? गर्दीत चुकामूक झाली तर आहे तिथेच थांबायचं, शोधत फिरायचं नाही. मदत मागायची ती गणवेशातल्या माणसाकडे, दुकानदाराकडे किंवा लेकरं बरोबर असलेल्या बाईकडे. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत मदत क्रमांक, ११२ पोलिसांसह सगळ्या तातडीच्या मदतीचा, आणि रेल्वेत असताना १३९. हे तीन आकडे दप्तराच्या आतल्या बाजूला लिहा. सारंगखेड्याच्या यात्रेला, मुक्ताईनगरच्या गर्दीत जायच्या आदल्या दिवशी उजळणी घ्या, आणि भेटायची खूण त्यालाच ठरवू द्या. पाळण्याजवळ की पोलीस चौकीजवळ. पाळणे चार-चार असतात, चौकी एकच असते, हे तो स्वतःच सांगेल.